नमुना सतरा

सुसामीरच्या कुरणावर मे संपता संपताही
रात्रीतून बर्फ पडून जातं.
मी बिश्केकहून शीतपेटी घेऊन आले होते.
सव्वीस घोड्या, प्रत्येकीच्या सडातून पाच मिलिलिटर,
कुपीवर तारीख, वेळ, आकडा.
बुरुलचा आपा म्हणाली, "सतरा म्हणजे कोण?"
"ती कुमैत, कपाळावर चांदणी, चावरी."
"मग तसं लिही."

अकरा नंबरची पहाटे व्याली
आणि वार पडायच्या आतच गेली.
शिंगरू मोडक्या खुर्चीसारखं
चार दिशांना पाय टाकून पडलेलं.
आपाने मेलेल्या घोडीची कास पिळली,
दोन वाट्या चीक निघाला, पिवळा, घट्ट, अजून कोमट.
"पहिला दिवसच दार उघडं असतं," ती म्हणाली.
मी मान हलवली. पुस्तकातही तेच होतं,
फक्त लांबलचक शब्दांत.

दुसऱ्या दिवसापासून दूध माझ्या हाती आलं.
गाळलं, उकळलं, निववलं.
बाटली उकळली, बूच उकळलं,
हात कोपरापर्यंत धुतले.
काचेखाली एक थेंब पाहिला: काहीच हलत नव्हतं.
इतकं स्वच्छ, की मला
खरं सांगायचं तर अभिमान वाटला.

चौथ्या दिवशी शिंगराचं पोट नगाऱ्यासारखं तटतटलं,
शेपटीखाली नुसतं पाणी.
आपाचा नातू एर्मेक रात्रभर
गरम लोकरीचा तुकडा त्याच्या पोटावर धरून बसला
आणि माझ्याशी एक शब्द बोलला नाही.

सकाळी आपाने बाटली हुंगली.
"यात कोणी राहतच नाही," ती म्हणाली.
"घर आहे, चूल आहे. माणसं कुठायत?"

चांदणीचं पिल्लू गेल्या आठवड्यात लांडग्यांनी नेलं होतं.
दूध अजून आटलं नव्हतं.
आपाने तिचीच ताजी लीद उचलून
शिंगराच्या पाठीला, मानेला फासली.
घोडीने हुंगलं. कान मागे टाकले. पुन्हा हुंगलं.
मी ओलं फडकं घेऊन कास पुसायला पुढे झाले
तर आपाने मनगट धरलं,
जोरात नाही, पण धरलं.

शिंगरू आधी चुकीच्याच जागा चोखत राहिलं,
गुडघा, मग पोटाखालची कातडी,
घामाचं मीठ, वाळलेला चिखल, गवताची काडी,
सगळं तोंडात घेत घेत
शेवटी सडाला लागलं.
घोडीची कातडी एकदा थरथरली
आणि पान्हा फुटल्याचा आवाज
मला चार पावलांवर ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी ते तिची लीद खाताना दिसलं.
मी ओरडले. एर्मेक हसला, पहिल्यांदाच.
"सगळीच खातात ताई."
आपा दूध काढत होती, एक गुडघा टेकून, मांडीवर बादली,
मागे न बघता म्हणाली,
"बिऱ्हाड आणतंय आत. आणू दे."

त्या रात्री मी सतराव्या कुपीतला थेंब पुन्हा काढला,
जनरेटर बंद पडेपर्यंत पाहिला.
बारीक काड्या, एकेकट्या, काही जोडीने,
काही मण्यांसारख्या ओळीत,
माझ्या कुठल्याच तक्त्यात नीट न बसणाऱ्या.
काही अगदी कुमिसच्या साबामध्ये दिसतात तशा,
ज्या कातडी पिशवीला आपा दर वसंतात धूर देते
आणि कधीच पूर्ण धूत नाही.

नवव्या दिवशी शिंगराला पुन्हा ढाळ लागली.
मी औषधाची पेटी उघडली.
"नवव्या दिवशी सगळ्यांनाच लागते," आपा म्हणाली,
"माझ्या आईच्या घोड्यांनाही लागायची."
मी पेटी बंद केली.
बंद करताना हात कापत होते, तेही सांगते.
अकराव्या दिवशी ते शेपटी ताठ करून
ओढ्यापर्यंत धावलं आणि तिथे विसरलं का धावलो ते.

अहवालात लिहिलं: एकच शिंगरू.
यावरून काहीही सिद्ध होत नाही.
दूध, लीद, लोकर, की आपोआप, सांगता येत नाही.
ते वाक्य बरोबर आहे. मी ते खोडलेलं नाही.
फक्त सतराच्या शेजारी, रकान्याबाहेर,
"चांदणी" असं लिहिलं.

निघताना शीतपेटीचा पट्टा ओला लागला,
कोणीतरी चघळलेला, हिरवट, फेसाळ.
तसाच खांद्यावर टाकला.